दगड कुणाला लागला?



आजचं वाचन शून्यसंपादने या ग्रंथातलं आहे. सोन्नलगीच्या सिद्धरामांना अल्लमप्रभू भेटतात, तो भाग. रोज आपण दोन-चार ओळी घेतो आणि त्यावर चिंतन करतो. आज ओळी घेत नाही. त्या ओळींमागचा माणूस कसा जगला, तेच सांगतो, माझ्या साध्या शब्दांत. गेले काही महिने मला या चरित्राची फार गरज होती. का होती, ते आधी कबूल करतो.

मागच्या वर्षी, पुण्यात आम्ही राहतो त्या बिल्डिंगमध्ये पार्किंगवरून वाद झाला. वाद तसा फालतू. आई-बाबा महिनाभरासाठी सोलापूरहून आले होते. बाबांनी माझी गाडी दोन फूट इकडे लावली. बोलाचाली वाढली आणि समोरच्या माणसाने बाबांना ढकललं. सत्तरीचे बाबा पडले. कोपर सोललं, चष्मा फुटला. मी जिन्यावरून धावत खाली आलो तेव्हा ते जमिनीवर बसून चष्म्याची काडी शोधत होते. बाजूला पेव्हर ब्लॉकचा तुटका तुकडा पडला होता. तो माझ्या हातात कधी आला, मला आठवत नाही. आईने मनगट धरलं म्हणून तो हातातच राहिला.

पुढचं सगळं रीतसर झालं. पोलिसांत तक्रार दिली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्या माणसाने माफी मागितली, चष्म्याचे पैसे दिले. बाबा आठवड्याभरात विसरले. मी मात्र आठ महिने रोज तो दगड मारत होतो. अंघोळ करताना, ट्रॅफिकमध्ये, आणि खरं सांगू? जपाला बसल्यावर सगळ्यात जास्त. इथे तुम्हाला लिहीत होतो की सर्वत्र एकच चैतन्य भरलेलं आहे. मनात होतं, सर्वत्र आहे, फक्त पार्किंग नंबर चौदा सोडून.

या संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी घरी गेलो. रात्री आजीने सिद्धरामांची गोष्ट पुन्हा सांगायला घेतली. आजीचं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे तिची गोष्ट निम्मी कन्नडमध्ये, निम्मी मराठीत चालते. लहानपणापासून शंभर वेळा ऐकलेली गोष्ट. पण या वेळी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की या गोष्टीत दगड आहे.

सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्या गावाच्या मधोमध भुईकोट किल्ला आहे, त्याला लागून मोठं तळं आहे आणि तळ्यात सिद्धेश्वरांचं मंदिर. हे सिद्धेश्वर म्हणजेच शिवयोगी सिद्धराम. बाराव्या शतकातला, हाडामांसाचा माणूस. तेव्हा या गावाला सोन्नलगी म्हणायचे. त्यांची समाधी याच मंदिराच्या आवारात आहे. एक खुलासाही करतो, कारण नावावरून हमखास घोटाळा होतो. निसर्गदत्त महाराजांचे गुरू सिद्धरामेश्वर महाराज वेगळे. तेही आमच्याच जिल्ह्यातले, पाथरी गावचे, 1888 ते 1936 या काळातले, इंचगिरी परंपरेतले. मी कोण, हा प्रश्न घेऊन आज कितीतरी तरुण त्यांच्यापर्यंत पोचतात. गंमत अशी की त्यांच्याआधी सात-आठशे वर्षांपूर्वी, याच मातीत, याच नावाच्या माणसासमोर हाच प्रश्न उभा राहिला होता. आणि तो ध्यानाला बसल्यावर नाही, रागाने पेटल्यावर उभा राहिला होता.

सिद्धरामांच्या बालपणाची कथा राघवांक या कन्नड कवीने सिद्धराम चारित्र या काव्यात सांगितली आहे. वडील मुद्दगौडा, आई सुग्गलादेवी. रेवणसिद्धांच्या आशीर्वादाने हे मूल झालं, असं मानतात. मुलगा फारसा बोलायचा नाही. लोकांना वाटायचं, मंद आहे. गुरं राखायला पाठवायचे, हा शांतपणे जायचा.

एक दिवस शेतात त्याच्यासमोर एक जंगम येऊन उभा राहिला. नाव विचारलं तर म्हणाला मल्लय्या, श्रीशैलाहून आलोय. मुलाने कोवळी कणसं भाजून त्याला खायला दिली. खाऊन झाल्यावर पाहुण्याने दहीभात मागितला. मुलगा घराकडे पळाला. आईकडून दहीभात घेऊन धापा टाकत परत आला, तर शेत रिकामं. मल्लय्या गेलेला.

आजी इथे नेहमी थांबते. म्हणते, बाळा, विचार कर, एवढंसं पोर, हातात भांडं, आणि ज्याच्यासाठी आणलं तोच नाही.

मुलगा मल्लय्या, मल्लय्या अशा हाका मारत रडत फिरू लागला. श्रीशैलाला निघालेले यात्रेकरू भेटले. त्यांनी सांगितलं, चल, आम्ही तुला मल्लय्याकडे नेतो. कृष्णाकाठच्या डोंगरात, मल्लिकार्जुनाच्या देवळात नेऊन त्यांनी लिंग दाखवलं. मुलगा म्हणाला, हा माझा मल्लय्या नाही. माझ्या मल्लय्याने माझ्या हातचं खाल्लं होतं. मग डोंगरात हाका मारत तो एका कड्याच्या टोकाशी पोचला आणि त्याने उडी घेतली. कथा सांगते की खाली मल्लिकार्जुनाने त्याला झेललं, आणि सांगितलं की परत जा, सोन्नलगीलाच दुसरं श्रीशैल कर.

बघा, देव भेटला आणि देवाने काय सांगितलं? इथेच बसून राहा असं नाही. गावी जा, कामाला लाग.

सिद्धराम परत आले आणि आयुष्य कामाला जुंपलं. देऊळ बांधलं. गावाच्या पंचक्रोशीत 68 लिंगं स्थापन केली. आणि तळं खणायला घेतलं. सोलापूरचा उन्हाळा ज्याने एकदा काढला आहे, त्याला तळ्याचं मोल समजावून सांगावं लागत नाही. माणसं, गुरं, पाखरं, सगळ्यांची तहान भागावी म्हणून लोक जमले. कुदळी, पहारी चालू लागल्या, डोक्यावरून पाट्या निघाल्या. सिद्धराम या कामावर उभे असायचे. लोक त्यांना शिवयोगी म्हणायचे, त्यांच्या शब्दावर जीव टाकायचे. त्यांच्या योगसिद्धीची ख्याती लांबवर पसरली होती.

त्यांच्या वैराग्याची एक गोष्ट तर आम्ही दरवर्षी संक्रांतीला पुन्हा जगतो. एका कुंभाराच्या मुलीने लग्न करीन तर यांच्याशीच, असा हट्ट धरला. सिद्धराम योगी, संसार करायचा नव्हता. पण मुलीचं मन मोडायचंही नव्हतं. त्यांनी आपल्या योगदंडाशी तिला लग्न करू दिलं. त्या लग्नाच्या अक्षता आजही तळ्याकाठी संमती कट्ट्यावर पडतात. आदल्या दिवशी 68 लिंगांना तैलाभिषेक होतो. सात उंच नंदीध्वज निघतात, वेगवेगळ्या समाजांकडे त्यांचे मान असतात, आणि पांढरी बाराबंदी घातलेली माणसं ते पेलत चालतात. हर्र बोला हर्र असा गजर झाला की अंगावर काटा येतो. हे सगळं त्या एका माणसाभोवती, आठशेहून जास्त वर्षं.

आता आजच्या वाचनाकडे येऊ.

शून्यसंपादने हा पंधराव्या शतकात कन्नडमध्ये संकलित झालेला ग्रंथ. शिवशरणांची वचनं संवादात ओवून त्यातून त्यांच्या भेटी उभ्या केल्या आहेत. अल्लमप्रभू हा त्या सगळ्याचा कणा. अल्लम गावोगाव फिरायचे, आणि जिथे कुणी साधनेत छान स्थिरस्थावर झालेलं दिसेल, तिथे जाऊन त्याच्या पायाखालची सतरंजी ओढायचे. असेच ते सोन्नलगीला आले. तळ्याचं काम जोरात चाललं होतं. काम करणाऱ्यांना त्यांनी विचारलं, तो वड्डर राम कुठे आहे?

वड्डर म्हणजे दगड फोडणारा, माती खणणारा. ज्याला सगळा मुलूख शिवयोगी म्हणतो, त्याला हा कोण कुठला भणंग दगडफोड्या म्हणतोय! लोक भडकले. हातात काम दगडाचंच होतं, तेच दगड उचलले आणि अल्लमांवर फेकायला सुरुवात केली.

हे कोण होते, ते नीट पाहा. गुंड नव्हते, दरोडेखोर नव्हते. भक्त होते. पुण्यकर्म करायला आलेले, स्वतःहून घाम गाळणारे लोक. तहानलेल्यांसाठी तळं खणता खणता त्यांनी एका एकट्या वाटसरूवर दगड उचलले. आणि मनात एक क्षणही शंका नाही, कारण गुरूचा अपमान झाला होता.

अल्लम पळाले नाहीत. उलट दगडही उचलला नाही. कथा सांगते की दगडांची रास झाली आणि अल्लम त्या राशीवर सुखरूप उभे. लोक घाबरून सिद्धरामांकडे धावले.

आता सिद्धराम येतील, लोकांना आवरतील, पाहुण्याची क्षमा मागतील, असं आपल्याला वाटतं ना? लहानपणी मलाही दर वेळी तसंच वाटायचं. पण ते आले रागाने लाल होऊन. आणि कथेनुसार त्यांनी कपाळावरचा डोळा उघडला. इतक्या वर्षांच्या योगाने मिळवलेली सगळी शक्ती त्यांनी त्या एका माणसाला जाळायला लावली. ज्वाळा उसळल्या. आग गावाकडे पसरू लागली. आपल्याच लोकांना आपल्याच आगीची झळ लागली. अल्लमांना मात्र ती शिवली नाही. त्यांच्या पायाशी येऊन ती विझली.

मला ही कथा प्रिय आहे ती इथे. आमच्या ग्रामदैवताच्या चरित्रात, त्याच्या भक्तांनीच, ही गोष्ट झाकलेली नाही. ज्याला आम्ही देव मानतो तो चिडला, चुकला, आणि त्याने आग लावली, हे आठशे वर्षं सांगत आलोय आम्ही. कारण पुढे जे घडलं ते त्याशिवाय कळतच नाही.

पुढे अल्लमांनी विचारपूस केली ती अशी की सिद्धरामांना पळवाट राहिली नाही. त्यांचं म्हणणं मी माझ्या भाषेत मांडतो. वड्डर म्हटल्यावर दुखलं कुणाला? तुझ्या शरीराला तर कुणी हात लावला नाही. तुझ्या आत जो शिव आहे म्हणतोस, त्याला शब्द लागतो का? शिवाला लागत नाही, शरीराला लागला नाही, मग मधे हा तिसरा कोण उभा आहे, ज्याला लागलं? तू 68 लिंगं मांडलीस, पण मांडणारा मी आणि मांडलेलं लिंग अशी दोन राहिलीच ना? तळं खणलंस, पण तळ्याच्या तळाशी माझं तळं हे अक्षर राहिलंय. पाणी त्यावरच साठतंय.

इथे सिद्धराम गप्प झाले.

मंडळी, आत्मविचार म्हणजे डोळे मिटून मी कोण, मी कोण असं घोकणं, असं आपल्याला वाटतं. आठ महिने मी तेच करत होतो. पण डोळे मिटून शोधताना तो मी सापडत नाही, कारण तेव्हा तो फार सभ्य बनून बसलेला असतो. तो खरा दिसतो अपमानाच्या क्षणी. कुणी ढकललं, कुणी हिणवलं, की जो ताडकन उठून उभा राहतो, तोच तो. अल्लमांनी सिद्धरामांना एक शब्द मारला आणि त्याला उठवून दाखवला. आपल्या ज्ञानदेव-चांगदेवांच्या कथेतही असंच आहे. सिद्धींचा मोठा डोंगर घेऊन चांगदेव आले, आणि 65 ओव्यांच्या चांगदेव पासष्टीत त्यांना त्यांचंच रूप दाखवलं गेलं. योगी दोघेही मोठे होते. दोघांच्याही सिद्धीच्या मुळाशी मी तेवढा शिल्लक होता.

त्या शब्दाबद्दलही थोडं बोलायला हवं. वड्डर ही शिवी का वाटली? तिथे सगळे दगडच तर फोडत होते. काम पुण्याचं, पण त्या कामावर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्यांचं नाव मात्र अपमानाचं! म्हणजे रागाच्या खाली आणखी एक थर होता, वरचा आणि खालचा असा भेद मानणारा. सेवा करूनही तो गेला नव्हता. अल्लमांनी बरोबर तिथेच पहार घातली. आणि काळाचा न्याय बघा. आज कर्नाटकातला भोवी-वड्डर समाज सिद्धरामांना आपला गुरू मानतो. चित्रदुर्गाला त्यांच्या नावाने या समाजाचं गुरुपीठ आहे. ज्या शब्दाने एक दिवस आग लागली, त्याच शब्दाने ते हजारो घरांचे आपले झाले.

सिद्धराम अल्लमांबरोबर कल्याणला निघाले. कल्याण म्हणजे आजचं बसवकल्याण, सोलापूरहून शंभर-सव्वाशे किलोमीटर. तिथे बसवण्णा कलचुरी राजा बिज्जळाचे भांडारी होते, आणि अनुभवमंटपात सगळ्या जातींचे स्त्री-पुरुष शरण एकत्र बसून बोलायचे. सिद्धरामांकडे इष्टलिंग नव्हतं. त्यावरून चर्चा झाली. त्यांनी आधी प्रतिवादही केला, की लिंग आत असताना बाहेरून कशाला? शेवटी त्यांनी दीक्षा घेतली ती चन्नबसवण्णांकडून. चन्नबसवण्णा म्हणजे बसवण्णांचा भाचा, कोवळ्या वयाचा. अर्ध्या मुलखाने ज्याच्या पाया पडावं, तो माणूस एका पोरासमोर हात पसरून बसला. कपाळीचा डोळा उघडण्यापेक्षा हा चमत्कार मला फार मोठा वाटतो.

वीरशैव दर्शनाला शक्तिविशिष्टाद्वैत म्हणतात, आणि साधनेचा शेवट म्हणजे लिंगांगसामरस्य. लिंग म्हणजे शिव, अंग म्हणजे जीव. दोन्ही एकमेकांत असे मिसळतात की कोण कुठलं हे वेगळं काढता येत नाही. इष्टलिंग तळहातावर धरून पूजा करायची ती यासाठीच. देव लांबच्या डोंगरावर नाही, हातातही फार वेळ राहायचा नाही, पाहता पाहता पाहणाऱ्यात उतरायचा. ज्या मुलाने श्रीशैलाच्या कड्यावरून देवासाठी उडी घेतली होती, त्याला ही दुसरी उडी घ्यायला इतकी वर्षं लागली. पहिल्या उडीत देव बाहेर होता. दुसऱ्या उडीत उडी घेणारा उरायचा नव्हता. पुढे सिद्धरामांनी कपिलसिद्ध मल्लिकार्जुन या नाममुद्रेने वचनं लिहिली. नाव तेच ठेवलं, लहानपणीच्या मल्लय्याचं.

इथे एक प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात आला असेल. मलाही पडला होता. सगळं एकच आहे, तर मारणाराही शिव आणि मार खाणाराही शिव. मग अन्याय झाला तरी हात जोडून बसायचं का?

याचं उत्तर सिद्धरामांच्या आयुष्याच्या पुढच्या भागात आहे. कल्याणमध्ये दोन शरणांनी सोयरीक केली. हरळय्या चर्मकार समाजातले, मधुवरस ब्राह्मण. एकाचा मुलगा, दुसऱ्याची मुलगी. शरणांच्या दृष्टीने यात विशेष काही नव्हतं. शिव एक, तर जाती कुठून आल्या? पण सनातनी खवळले, राजाच्या कानी गेलं, आणि परंपरा सांगते की हरळय्या आणि मधुवरस यांना हत्तीच्या पायी बांधून फरफटत नेऊन मारलं. त्यानंतर कल्याण पेटलं. 1167-68 च्या सुमारास बिज्जळाचाही अंत झाला. शरणांपैकीच काहींनी सूड म्हणून त्याला मारलं, असंही सांगतात. शरण पांगले. बसवण्णा कूडलसंगमाला, चन्नबसवण्णा उळवीकडे.

म्हणजे अद्वैत मानणाऱ्यांनी काय केलं? अन्यायापुढे मान झुकवली नाही, सोयरीक मोडली नाही. त्याच्यासाठी जीव गेले. आणि त्याच कल्याणमध्ये दगडाला दगडही मिळाला, रक्ताला रक्त मिळालं, आणि अनुभवमंटपाची बैठक त्यात उधळली गेली. दोन्ही गोष्टी एकाच गावात, एकाच काळात घडल्या.

परंपरेत अल्लम आणि चन्नबसवण्णांच्या नंतर शून्यसिंहासनाचा मान सिद्धरामांकडे येतो. अशा विस्कटलेल्या काळाचा वारसा त्यांच्या वाट्याला आला. आणि ते सोन्नलगीला परत आले. त्याच तळ्यावर. विचार करा, ज्याने एकदा एका शब्दासाठी कपाळीचा डोळा उघडला होता, त्याच्या सोबत्यांची अशी हत्या झाली. जाळायचंच असतं तर आता खरं कारण होतं. पण त्यांच्या चरित्रात दुसऱ्यांदा तो डोळा उघडल्याची कथा नाही. गावी राहिले, आणि शेवटी त्याच पाण्याच्या मधोमध समाधी घेतली.

मला जे समजलं ते एवढंच. अद्वैत आपल्याला दुसऱ्याच्या जखमेकडे बघू नको असं सांगत नाही. उलट, दुसरा वेगळा नसेल तर त्याची जखम माझीच आहे, मग मी गप्प कसा बसू? हरळय्यांची जखम आपली मानली म्हणून शरण उभे राहिले. अद्वैत काढून घेतं ते फक्त तो मधला तिसरा, ज्याला अपमान लागतो आणि ज्याला परतफेड हवी असते. तो गेला की माणूस जास्त ठामपणे उभा राहू शकतो. अल्लम दगडांच्या वर्षावात उभे राहिलेच ना? जागेवरून हलले नाहीत, आणि विचारायचं तेही सोडलं नाही.

म्हणून कुणाला घरात, रस्त्यावर, कामाच्या ठिकाणी त्रास होत असेल, तर कृपया हे वाचून सहन करत बसू नका. बोला, तक्रार करा, माणसं गोळा करा. सहन करणं म्हणजे आत्मविचार नाही. आमची पोलीस तक्रार बरोबरच होती, आजही तसंच वाटतं. चुकीचे होते ते नंतरचे आठ महिने.

यात्रेनंतर एका पहाटे मी एकटाच तळ्यावर गेलो. थंडी होती. पाण्यावर धुकं, पलीकडे किल्ल्याचे बुरूज, मंदिरातून घंटेचा आवाज. घाटाच्या दगडावर बसलो आणि पहिल्यांदाच त्या माणसाचा चेहरा मुद्दाम डोळ्यांसमोर आणला. राग आला, नेहमीसारखा. मग अल्लमांचा प्रश्न स्वतःला विचारला. लागलं कुणाला? बाबांना लागलं होतं, कोपराला, आणि ते कधीच बरं झालं. बाबांना आता काही दुखत नाही. मग आठ महिने कोण विव्हळतंय? उत्तर आलं ते मला आवडलं नाही. माझ्या बाबांना हात लावला, यातल्या बाबांपेक्षा माझ्या या शब्दालाच जास्त लागलं होतं. बिल्डिंगमधल्या लोकांसमोर मी कमी पडलो, याचं दुःख होतं ते. बाबांवरच्या प्रेमाचं नाव घेऊन मी स्वतःलाच गोंजारत होतो. त्या तळं खणणाऱ्यांसारखंच. तेही गुरूच्या नावानेच दगड मारत होते.

प्रकाश पडला वगैरे काही झालं नाही. थोडी लाज वाटली आणि थोडं हलकं वाटलं, बस्स. घरी जाऊन आजीच्या हातची भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली.

परवा पुण्यात लिफ्टमध्ये तो माणूस भेटला. बरोबर त्याची म्हातारी आई होती, वॉकर घेऊन. दार बंद होत होतं. मी हात घालून धरलं. आतून तो जुना उठलाच, की याच्यासाठी दार धरतोस? मी त्याच्याकडे बघितलं, आणि विचारलं, बाबा रे, तू कोण? सातव्या मजल्यापर्यंत तो काही बोलला नाही. घरी गेल्यावर पुन्हा बोलायला लागला, ते सोडा. पण सात मजले तो गप्प होता.

आजचा अभ्यास एवढाच. आज दिवसभरात कधीतरी काहीतरी लागेल. बॉसचा शब्द, ग्रुपवरचा एखादा मेसेज, रस्त्यावरचा हॉर्न. उत्तर जरूर द्या, द्यायचं असेल तर. पण त्याआधी एक श्वास थांबून बघा, दगड नेमका कुणाला लागला. सापडला तर मला जरूर लिहा. नाही सापडला तर फारच छान.

श्री सिद्धरामेश्वरार्पणमस्तु. उद्या भेटू.